साडूंचे चार टायर

आयुष्यात मला घाबरवायला निघालेली माणसे पुष्कळ भेटली, पण हादरवून सोडणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे माझा साडू. घाबरवणाऱ्यांचे मी काय केले ते शिरोली नाक्यावर कुणालाही विचारा. झाडाखाली बसून पंक्चर काढत होतो तेव्हापासून ट्रकवाले, वसुलीवाले, गल्लीतले दादा अशा सगळ्यांशी आवाज चढवून बोलत आलो, म्हणून तर आज त्याच झाडासमोर माझे टायरचे दुकान उभे आहे. साडूंपुढे मात्र हा आवाज कुठे जातो कळत नाही. ते स्वतः आवाज चढवत नाहीत. भांडत नाहीत, चिडत नाहीत. ते शांतपणे काहीतरी करून मोकळे होतात आणि आपण तोंड उघडे टाकून बघत राहतो.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मूळ गडहिंग्लजकडचे, मार्केट यार्डात गुळाची अडत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खांद्यावर पांढरा टॉवेल, पोट नेमस्त, बोलणे त्याहून नेमस्त आणि त्यातले निम्मे कानडीत. कानडीत साडूला षड्डक म्हणतात. ते मला तशीच हाक मारतात. भर लग्नात लांबून ‘षड्डक’ अशी हाक आली की नवखी माणसे वळून बघतात, यांचे काहीतरी वाजले म्हणून. मी त्यांना अण्णा म्हणतो.

गूळ पारखण्यात त्यांची हयात गेली. ढेपेवर नख दाबायचे, कपची मोडायची, नाकाशी धरायची, जिभेला लावायची आणि डोळे मिटून घ्यायचे. यार्डात हे शोभून दिसते. पण अण्णा यार्डाबाहेरही तसेच वागतात. माझ्या घरी नवा सोफा आणला तेव्हा सगळे त्यावर बसून बघत होते, अण्णांनी वाकून त्याचा वास घेतला आणि खुर्चीवर जाऊन बसले. बायको आठवडाभर मला विचारत होती, त्यांना काय वास आला असेल? इचलकरंजीत एका लग्नात तर पंगत बसली आणि अण्णा गायब. सगळीकडे शोधले. शेवटी सापडले मांडवाच्या मागे, फुलांनी सजवलेल्या नवरदेवाच्या गाडीपाशी उकिडवे बसलेले, मागच्या टायरात अंगठ्याचे नख रुतवून. वरबाप धावत आला. अण्णा उठले, हात झटकले आणि म्हणाले, “टायर वाळलाय. नव्या पोरीला ह्यातनं न्हेऊ नका.” एवढे बोलून पंगतीला जाऊन बसले. वरबाप माझ्याकडे बघत राहिला. मी आडोशाला जाऊन तो टायर पाहिला. बाजूला बारीक चिरा पडल्या होत्या. मुलगी दुसऱ्या गाडीतून सासरी गेली.

रस्त्यावर अण्णांची गाडी बघणे हा निराळाच त्रास आहे. एवढीशी लाल गाडी, पण चालवणार अशी की मागे वरात चालली असावी. हॉर्न वाजवत नाहीत, कुणाला मागे टाकत नाहीत, मागून सायकलवाला आला तरी बाजू देतात. एकदा मी शेजारी बसलो होतो. उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या ओढत, कर्णा लावून गाणी वाजवत एक ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला. जाताना ड्रायव्हरने कर्ण्याचा आवाज कमी केला आणि कळवळून विचारले, “पावणं, तेल संपलंय काय?” माझे रक्त उसळले. अण्णांनी त्याला नमस्कार केला.

असा हा माणूस. दर रविवारी पहाटे उठून, पूजा करून, टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर पडतो म्हटल्यावर तो मठात जात असेल असेच आम्ही सगळे समजत होतो. एके दिवशी एक गिऱ्हाईक दुकानात मोबाइल नाचवत आले. “शेठ, ह्ये तुमचं साडू न्हवं?” शहराबाहेर एक रेसिंगचा ट्रॅक आहे. तिथे ठरावीक रविवारी हौशी लोकांना आपापल्या गाड्या घेऊन उतरू देतात. मोबाइलच्या व्हिडिओत त्या ट्रॅकवर एक लाल गाडी वळणावर अशी आडवी होऊन चालली होती की मला खुर्ची धरावी लागली. पुढच्या चित्रात गाडी थांबली, दार उघडले, हेल्मेट निघाले आणि आतून भस्माचे तीन पट्टे बाहेर आले.

मी हादरलो. पण खरे सांगतो, वेगाने नव्हे. मी चित्र थांबवले, बोटांनी मोठे केले आणि टायर बघितले. ते माझ्या दुकानातले नव्हते!

हे माझे जुने दुखणे आहे. या माणसाने माझ्याकडून कधी व्हॉल्व्हचे टोपणसुद्धा घेतले नाही. सगळ्या पाव्हण्यारावळ्यांच्या गाड्या माझ्याकडे येतात. घासाघीस करतात, शिव्या खातात, चहा पितात आणि टायर घालून जातात. अण्णा माझ्या मांडीला मांडी लावून जेवतात, आणि बाहेर त्यांची गाडी उभी असते बेळगावहून घेतलेल्या टायरांवर. मला एकदा भाव तरी विचारायचा! महाग वाटला असता तर भांडलो असतो की. भांडायचीही संधी न देणे यासारखा अपमान नाही.

आणि जेव्हा ती संधी आली, तेव्हा आधी अक्का आल्या. अक्का म्हणजे अण्णांची बायको, माझी थोरली मेहुणी. घरी आल्या, पाण्याचा पेला तसाच ठेवला आणि माझ्यासमोर पदरातून मूठभर वाळके गवत काढून टाकले.

“हे काय, अक्का?”

“गाडीच्या पुढच्या बंपरातनं उपसलंय मी. त्या ट्रॅकवर गाडी फिरून गवतात गेलती. मला सांगितलं न्हाय. इचारलं तर म्हणत्यात, टायर म्हातारा झालाय. म्हटलं, टायर न्हवं, तुम्ही झालाय.” मग त्यांचा आवाज खाली आला. “पावणं, ते नवीन टायर घ्याय निघाल्यात. ह्या खेपंला तुमच्याकडं येतो म्हणालेत. देऊ नका. टायरच न्हाय मिळालं तर बसतील घरी. मला तो माणूस धड पायजे.”

ज्या दिवसाची मी इतकी वर्षे वाट पाहिली तो येणार, आणि मी नाही म्हणायचे! पण अक्कांचे डोळे बघून मी छाती ठोकली. “माझ्या दुकानातनं तर न्हाईच, पण सगळ्या कोल्हापुरातबी कोण द्यायचं न्हाई. मी बघतो की.” बाकीच्या दुकानदारांना फोन करून तसा दमही भरला.

सोमवारी अण्णा आले. चपला बाहेर काढल्या, देवळात काढाव्या तशा. सगळे टायर पाहिले. नख दाबले, वास घेतला. एका टायरला जीभ लावली तेव्हा माझ्या फिटरच्या हातातला पाना खाली पडला. शेवटी एका मऊशार, उथळ नक्षीच्या टायरवर हात ठेवून म्हणाले, “ह्येचं दोन. फुडं घालतो. मागं हाय ते असू दे.”

मी सगळे विसरून ओरडलो. “अण्णा, खुळं झालाय काय! फुडं ह्यो डिंकासारखा चिकटणार आणि मागं ते दगड. वळणावर ढुंगण पयलं फिरणार गाडीचं! तसंच गेलासा न्हवं गवतात? बदलायचं तर चारी सारखं. आणि ह्यो तुमच्या कामाचाच न्हवं. तापला तर धरतोय. गडहिंग्लजच्या वाटंला पावसात गार पडला की पाणीच फेकायचा न्हाई.”

अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, स्वतःच्या उजव्या हातावर पसरला आणि हात माझ्यापुढे केला.

टॉवेलाखालचा सौदा हल्ली कुणाला ठाऊक असणार? पूर्वी व्यापारी तसाच भाव ठरवत. कापडाखाली एकमेकांची बोटे दाबायची. पूर्ण बोट, अर्धे बोट, सगळा पंजा, प्रत्येकाचा एक आकडा. शेजारी उभ्या माणसालाही भाव कळत नाही. मी वडगावच्या जनावरांच्या बाजारात बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा आणि टायर बसवत वाढलो, तिथे हे शिकलो होतो. समोर टॉवेल आला आणि माझा हात आपोआप आत गेला. बेळगावला गिऱ्हाइकी करणारा हा माणूस असली घासाघीस करतो हे मला कुठे माहीत! त्यांनी दोन बोटे दाबली, मी झिडकारली. मी पंजा धरला, त्यांनी माझे एक बोट मुडपले. मी खाली आलो, ते वर आले, पुन्हा अडले. त्यांचा चेहरा ध्यानाला बसल्यासारखा आणि माझ्या कपाळावर घाम. सगळे दुकान चिडीचूप. इतक्या वर्षांत इतक्या सुखाची घासाघीस मी केली नव्हती. शेवटी त्यांनी अर्ध्या बोटावर दाब दिला आणि मी त्यांची मूठ घट्ट धरली.

अण्णांनी टॉवेल उचलला. “झालं.”

तेव्हा मला अक्का आठवल्या. टॉवेलाखाली मूठ धरली की सौदा मोडता येत नाही. तोंडाने दिलेला शब्द फिरवणारे पाहिलेत, मूठ फिरवणारा मी पाहिलेला नाही. मी हादरून विचारले, “अण्णा, पर सौदा झाला तरी कशाचा? टायर कुठला?”

“चार टायरांचा. कुठला ते तुम्ही ठरवा.”

माल न ठरवता भाव ठरवलेला माझ्या हयातीत तो एकच सौदा. मी बसलोच. अण्णा शेजारी बसले आणि त्यांच्या मानाने भाषण म्हणावे इतके बोलले. “बेळगावचा दुकानदार चांगला हाय. मागंल ते देतोय. गवतात गेलो तवा वाटलं, न्हाय म्हणणारा मानूस पायजे.”

“आणि इतकी वर्सं आला न्हाईसा ते?”

“तुम्ही भाव वरडून सांगता, षड्डक. मला लाज वाटती.”

माझा राग कुठे ठेवावा कळेना. वरडतो म्हणे! पण त्या दुपारी मी जेवायला गेलो नाही. गिऱ्हाइकाला हवा तो टायर देणे सोपे असते. स्वतःची मान आपल्या हातात देऊन गिऱ्हाईक घोरत पडले की अवघड काय ते कळते. होय, अण्णा बाकावर चक्क झोपले होते. मी रांगांमधून फिरत राहिलो. साधा रस्त्याचा टायर दिला तर ट्रॅकवर दोन फेऱ्यांत तापून कडा सोलून निघणार. निव्वळ ट्रॅकचा दिला तर रस्त्यावर पावसात घात. हवा होता मधला. बाजूची भिंत ताठ, कडेचे ठोकळे रुंद, रबर मऊ पण फार नाही, आणि पाणी वाहून जाईल एवढ्या खोल खाचा. तसे चार काढले, चारी एकाच वर्षी बनलेले आहेत हे बघून घेतले आणि अण्णांना हलवून जागे केले. “ह्ये. आणि रविवारी मी संगं येणार. हवा मी भरणार.”

त्यांनी टायरवर नख दाबले. बराच वेळ दाबले. “व्हय,” म्हणाले.

रविवारी ट्रॅकवर मी चारी चाकांची हवा थोडी उतरवली, कारण टायर तापले की ती आपोआप चढते. मग दुसरे हेल्मेट घालून, देवाचे नाव घेऊन शेजारी बसलो. पुढचे काय सांगू? पहिल्या वळणाला मी ओरडलो. दुसऱ्याला ओरडायलाही जमले नाही. जो माणूस ट्रॅक्टरला नमस्कार करतो तो तिथे आलेल्या एका इंजिनियरच्या दणकट गाडीला आतून कापून पुढे गेला. पण टायरांनी पकड सोडली नाही. बारीक कुरकुरत होते, भाव मान्य नसलेल्या पण उठून न जाणाऱ्या माणसासारखे. ते ऐकून माझा जीव जरा खाली बसला आणि तेव्हा मला दुसरा आवाज ऐकू आला. हेल्मेटच्या आत अण्णा गुणगुणत होते. कानडीतले काहीतरी, सावकाश चालीचे. गाडी आडवी होई तेव्हा स्वर लांबवत होते, सरळ झाली की पुढची ओळ.

परत निघताना मी हवा पुन्हा रस्त्यापुरती भरली. अण्णा वरातीच्या वेगाने घरी आले.

अक्का दारातच उभ्या होत्या. आधी नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिले, मग गाडीचे टायर, मग मला. मी आयुष्यात इतका मुकाट कुणापुढे उभा राहिलो नाही. अण्णा हातपाय धुवायला आत गेले तसे मी म्हणालो, “अक्का, दिलं मी टायर. घाला शिव्या. पर चांगलं दिल्यात. आणि मी बसलो होतो शेजारी. गाडी फेकत न्हाईत ते. तोलून चालवत्यात. वर गाणं म्हणत्यात.”

“कोण गाणं म्हणतंय?”

“अण्णा. हेल्मेटात.”

आतून पाण्याचा आवाज येत होता. “लगीन होऊन इतकी वर्सं झाली,” अक्का म्हणाल्या. “पोरं झाली, त्यांची लग्नं झाली. मी कवा ऐकलं न्हाय.”

आता रविवारी त्याही येतात. डबा आणतात. ट्रॅकच्या कठड्यापाशी येत नाहीत, बघवत नाही म्हणतात. लांब, गाड्या लावतात तिथे चिंचेच्या सावलीत, ट्रॅककडे पाठ करून बसतात. मी एकदा म्हणालो, अक्का, इथे इंजिनांच्या आवाजात गाणे काय ऐकू येणार? त्यांनी मला हातानेच गप्प राहायला सांगितले.