बर्फाचा निळा डबा

"तू जरा दाराबाहेर थांब. पूजा होऊ दे."

सर हे हळू आवाजात बोलले. शिवी नाही, ओरडणं नाही. खंडेनवमी होती. आमच्या फार्मसीच्या लॅबमध्ये सर दरवर्षी यंत्रांची पूजा करतात. बडोद्यातलं जुनं मराठी घराणं, चालीरीती सोडत नाहीत. यंत्रं पुसून मांडलेली, झेंडूच्या माळा घातलेल्या, बाकीचे चौघे गरबा खेळून आल्यामुळे पेंगुळलेले. मी पूजेचं ताट धरायला पुढे झाले आणि हे वाक्य आलं.

मला वाटलं, पाळी आली असं समजले की काय. मी म्हटलं, "सर, मला अडचण नाही."

"ते नाही गं. तू तो डबा हाताळतेस ना. आजचा दिवस फक्त."

मी दाराबाहेर उभी राहिले. आत घंटा वाजली. माझ्याबरोबर पीएचडी करणाऱ्या हेतलनं पहिलं कुंकू लावलं ते माझ्या तराजूला. तो तराजू मी बनवलाय. जुन्या तराजूचं एक पारडं काढून तिथं काचेचा ठोकळा टांगला, दोन महिने खपले, तेव्हा तो खरं माप द्यायला लागला. आरती झाल्यावर सर कागदावर दोन पेढे घेऊन बाहेर आले. माझ्या हातावर नाही ठेवले. भिंतीशी माझा बर्फाचा निळा डबा होता, त्याच्या झाकणावर ठेवले. बडोद्यात आम्हाला लांबून देण्याची रीत जुनी आहे. इथल्या कचेरीत आमच्या शिकलेल्या माणसाच्या टेबलावर शिपाई लांबून फायली टाकायचे, ती गोष्ट आमच्या वस्तीत पोरांना बोलता यायला लागलं की सांगतात.

मी ते पेढे खाल्ले. हे लपवून चालणार नाही. खाल्ले, आणि वर "थँक्यू सर" म्हटलं.

आता त्या डब्यात काय असतं ते सांगते. बर्फ, मिठाचं पाणी, आणि त्यात बकरीचा योनिमार्ग. कुणाला शब्द वाचून कसंतरी होत असेल तर होऊ दे. माझी पीएचडी त्यावरच आहे.

माझी आई निजामपुऱ्यात चार घरची धुणीभांडी करायची. तिच्या अंगावरून पांढरं जायचं. खाज, वास, कंबर धरलेली. कुणाला सांगणार? दोन वर्षं अंगावर काढलं, मग दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी आत ठेवायच्या गोळ्या दिल्या. म्हणाल्या, ठेवायची आणि निवांत पडून राहायचं. आईला निवांत पडायला कोण देणार होतं? आम्ही राहतो बाजव्याला, पहाटे चारला नळ येतो. ती उठून उभी राहिली की औषध ओघळून साडीला लागायचं. कामावरच्या बायका नाक मुरडतील म्हणून तिनं गोळ्या फेकून दिल्या. दुखणं आत पसरलं. चाळिशीच्या आत तिची पिशवी काढली. मी तेव्हा बारावीला होते.

म्हणून मी हा विषय घेतला. पॉलिमर म्हणजे लांबच लांब साखळीचं रसायन. काही पॉलिमर ओले झाले की फुगून त्यांचं जेल होतं, आणि ते आतल्या ओल्या पडद्याला धरून बसतं. त्यात औषध मिसळलं तर ते थोडं थोडं, दिवसभर सुटत राहतं. बाई नळावर जावो, फरशी पुसो, औषध जागा सोडत नाही. मला ते जेल बनवायचंय. ते किती घट्ट धरतं हे माझ्या तराजूवर मोजतात, आणि मोजायला ताजा पडदा लागतो. बकरी कापल्यावर काही तासांच्या आतला. म्हणजे कत्तलखान्यात जाणं आलं.

पहिल्या वेळी सरांनी आम्हा पाचही जणांकडे बघितलं आणि नजर माझ्यावर आणून थांबवली. "तू जाशील ना? तुमच्यात चालतं."

आमच्यात! बाबा विपश्यनेला जाऊन आल्यापासून आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. पहिल्या दिवशी मी कत्तलखान्याची भिंत धरून ओकले. सर मात्र शनिवारी हायवेच्या ढाब्यावर बसून मटण झोडतात, हे अख्ख्या लॅबला माहीत आहे. नाकानं कांदे सोलायचे ते फक्त माझ्यासमोर.

आधी मी माझ्यापुरता पडदा आणायचे. मग हेतलचा, मग पाचही जणांचा. आठवड्यातून दोनदा पहाटे स्कूटीवर पुढे डबा ठेवून जायचं, आणून धुवायचं, चरबी सोलायची, तुकडे कापून ज्याच्या त्याच्या टेबलावर द्यायचे. हातमोजे घालून ते सगळे घ्यायचे. दुपारी माझ्या जेवणाच्या डब्यातली भाजी मात्र कुणी घेत नसे. आयत्या बिळावर नागोबा. आणि आमच्या जेलमध्ये जे कायटोसान नावाचं पॉलिमर पडतं ते कोळंबीच्या टरफलांपासून करतात. पण ते पांढरी पावडर होऊन सीलबंद बाटलीतून येतं, त्यामुळे बाटलीला कुंकू लागलं.

कत्तलखान्यातले चाचा मला पहिल्या दिवसापासून स्टूल द्यायचे आणि प्यायला पाणी. एकदा त्यांनी विचारलं, "बेन, ये किस काम में आता है?" मी सांगितलं, बायकांच्या औषधासाठी. तेव्हापासून ते माझ्यासाठी वेगळ्या सुरीनं, जपून कापतात. एकदा हसत म्हणाले, "कभी तुम्हारे साहब को भी लाना." मीही हसले होते.

खंडेनवमीला संध्याकाळी घरी गेले. डबा दारात ठेवला. बाबांनी विचारलं, "यात असतं तरी काय?" दोन वर्षं मी त्यांना "औषधं" असं सांगत होते. त्या दिवशी खरं सांगितलं. पेढ्यांचंही सांगितलं. आई पदर तोंडाला लावून ऐकत होती.

माझ्या आज्यानं धुळ्याकडच्या गावात मेलेली ढोरं ओढायचं सोडलं होतं. दोर चावडीपुढे जाळला. गावानं पाणी बंद केलं, तेव्हा तो बायकापोरं घेऊन इथं रेल्वेत खडी टाकायला आला. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. अभिमानानं ऐकली होती. आणि त्याची नात डबा वाहत होती, चौघांचा जास्तीचा. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर होईना. मला वाटलं, बाबा म्हणतील सोडून दे सगळं.

बाबा म्हणाले, "तुझ्या आईसाठी ओढत असशील तर ओढ. त्यांचा दोर त्यांच्या दारात टाकून ये."

दसऱ्यानंतर लॅब उघडली. सर म्हणाले, "उद्या पाच आण. हेतलला कॉन्फरन्सला जायचंय."

"मी माझा एक आणीन, सर."

"म्हणजे?"

"बाकीच्यांनी आपापला आणावा. चाचा पहाटे पाचला येतात. पत्ता लिहून देते."

हेतल गुजरातीत पुटपुटली, "मारा घरमां खबर पडशे तो?" तिच्या घरी कळलं तर काय, याची तिला भीती.

मी म्हटलं, "माझ्या घरी कळलं."

सरांनी चष्मा काढला. "तुझ्या थीसिसवर माझी सही लागते. विसरलीस?"

"नाही विसरले."

दुसऱ्या दिवशी मी एक तुकडा आणला. माझ्या टेबलावर ठेवला, माझं माप घेतलं. चौघं बघत बसले. शिपायाला सांगून झालं, त्यानं हात जोडले. हेतलची कॉन्फरन्स हुकली आणि लॅबमध्ये माझ्याशी बोलणं बंद झालं. त्याच आठवड्यात तराजूच्या कपाटाला कुलूप लागलं. किल्ली सरांकडे. माझं सेमिनार दोनदा पुढे ढकललंय. सही नाही.

मी डीनकडे अर्ज दिलाय. कोण आणतं, कुणासाठी आणतं, का मलाच पाठवलं, सगळं लिहिलंय. पेढे डब्यावर ठेवले हे लिहिलंय, आणि मी ते खाल्ले हेही लिहिलंय. मैत्रीण म्हणाली, शेवटचं कशाला लिहिलंस, तुझीच शोभा होईल. होऊ दे. ते गिळलं होतं म्हणून तर आज ओकतेय.

अर्जाचं काय होईल माहीत नाही. सही होईल की तीन वर्षं पाण्यात जातील, तेही माहीत नाही. मी दुसरा तराजू बनवायला घेतलाय, त्याच लॅबमध्ये, त्याच टेबलावर. कत्तलखान्यात जाणं सोडलेलं नाही. जेल होईपर्यंत जाणार.

पुढच्या खंडेनवमीला मी आत असेन. तराजूवर माझं काम चालू असेल आणि डबा माझ्या पायाशी असेल. ज्यांना पूजा करायची असेल, त्यांनी दाराबाहेर थांबावं.