मॅनेज केलेली कुस्ती

‘मॅनेज’ या शब्दाची मला शिसारी आहे. मी कोरेगावात शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून तो तोंडातून काढावा तरी लागतो. दरवर्षी मुलांना सांगते, हे क्रियापद इटालियनमधून आलं. घोड्याला हाताखाली आणून चाल शिकवणं हा त्याचा जुना अर्थ, आणि पार मुळाशी लॅटिनमधला हात. पुढं अर्थ पसरला: घर सांभाळणं, कारभार चालवणं, कसंबसं निभावणं. एकदा मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, “आवं बाई, आमच्याकडं कुस्ती मॅनेज करत्यात की!” वर्ग हसला. मला हसू आलं नाही. खरंच आहे ते. निवडणूक मॅनेज, टेंडर मॅनेज, जत्रेतली कुस्ती मॅनेज. चांगला कष्टाचा शब्द, आणि आम्ही त्याचा पार उकिरडा केला.

यंदा आमच्या गावच्या जत्रेत माझ्या भाचीची कुस्ती ठरली होती. तिला माझ्या भावानंच घडवलं. फौजेतून परतल्यावर त्यानं गोठ्याशेजारी लाल माती टाकून आखाडा केला. बाप तोच, वस्तादही तोच. तिच्याविरुद्ध लावलेली जोड म्हणजे विट्याकडची पोरगी. तिचा मामा आमच्याच गावचा, परमुलखात सोनं गाळायचा धंदा करणारा आणि जत्रेचा मोठा देणगीदार.

मी जत्रेसाठी भावाकडं आले होते. आदल्या दिवशी जत्रा कमिटीतला एकजण घरी आला. बशीत चहा ओतत भावाला म्हणाला, “जरा मॅनेज करायचं, गड्या. तुजी पोरगी पडली तर काय आभाळ कोसळतंय व्हय? देणगीवाल्या मामाचं मन राखायचं. फुडल्या वर्षी हिचीच.”

भाऊ म्हणाला, “बरं.”

सीमेवर उभा राहिलेला माणूस, आणि एका कप चहात वाकला! मला त्या कपाचीसुद्धा किळस आली. मी तो घासलाच नाही. भाची दारातच उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

“आबा, पडायचं?”

“पड,” भाऊ खाली बघत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मैदान गच्च भरलं. हलगी घुमत होती. दोघींनी हात मिळवले, आणि हात सुटताच भाची मातीवर उताणी झोपली. डाव नाही, झटापट नाही. दोन्ही खांदे नीट टेकवले आणि आभाळाकडं बघत राहिली.

हलगी थांबली. विट्याची पोरगी बावरून उभी होती. तिला बिचारीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पंचानं तिचा हात वर केला, तर तिनं तो हिसडून खाली घेतला आणि रडायला लागली. टाळ्या वाजवत होता तो फक्त काल चहा पिऊन गेलेला माणूस.

भाची उठली. पाठीची माती तिनं झटकली नाही. गर्दीतून वाट काढत थेट आमच्यासमोर आली, आणि कुस्ती मारून आलेला पैलवान वस्तादाच्या पाया पडतो, तशी बापासमोर वाकली.

भावानं पाय मागं घेतले.