कपाटातले तीन मास्क

सायप्रसचा समुद्र मी जानेवारीत पाहिला. उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते म्हणे. आम्ही गेलो तेव्हा किनाऱ्यावरच्या खुर्च्या साखळीनं बांधून ठेवल्या होत्या. हॉटेलात मी, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि म्हातारी मालकीण, एवढेच. लोकांना सांगताना मी याला सहल म्हणतो. सहल कसली, पळालो होतो.

तेव्हा मी रियाधला बँकेत होतो. आखाती युद्ध तोंडावर आलं होतं. मुंबईची तिकिटं मिळेनात, तेव्हा साहेबानं हे ओस पडलेलं हॉटेल मिळवून दिलं. त्याआधी विषारी वायूच्या हल्ल्याच्या भीतीनं बँकेनं आम्हाला माणशी एक गॅसमास्क दिला होता. शेजारी रत्नागिरीकडचं मुसलमान कुटुंब राहायचं. नवरा, बायको आणि आमच्या मुलीच्याच वयाची त्यांची मुलगी. तो एका ठेकेदाराच्या गोदामात होता. पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे तिथल्या मालकाच्या ताब्यात, त्यामुळे जाणार कुठे? मास्क तर त्यांना कुणी दाखवलासुद्धा नव्हता.

आमच्या मजल्यावर गावी जाणारा माणूस चावी शेजारी ठेवून जायचा. बाल्कनीतल्या आमच्या तुळशीला दर सुट्टीत हा शेजारीच पाणी घालायचा. या वेळी मी चावी खिशात घातली. "ऑफिसच्या कामानं सगळेच जेद्दाला जातोय," असं ठोकून दिलं. मास्क कपाटातच होते. चावी दिली असती आणि त्यानं ते मागितले असते, तर नाही म्हणायला माझी जीभ रेटली नसती. शिवाय अचानक परतावं लागलं तर आपल्याला हवेत. इतका मी दूरदर्शी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मालकिणीच्या टीव्हीवर रियाध दिसलं. सायरन वाजत होते. सूप पिता पिता मुलीनं विचारलं, "बाबा, हू इज वेअरिंग माय मास्क?" बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी उठून काउंटरवरून शेजाऱ्याला फोन लावला.

"भाऊ, जेद्दाला सगला बरा हाय ना?" त्यानंच आधी विचारलं.

"हो. तुमचं?"

"काल लय मोठा आवाज झाला. दाराखाली ओले टॉवेल लावून बसताव."

कुलूप तोडा, कपाटात मास्क आहेत. एवढंच बोलायचं होतं. पण मग कुठून बोलतोय, का नेले नाहीत, का दिले नाहीत, सगळंच निघालं असतं. "काळजी घ्या," म्हणालो आणि फोन ठेवला. त्या क्षणाची लाज मला अजून वाटते. पळाल्याची तितकी नाही.

युद्ध संपल्यावर परतलो. तुळस वाळून काडी झाली असणार असं धरूनच बाल्कनीचं दार उघडलं. ती हिरवीगार होती. पलीकडच्या बाल्कनीत तो तांब्या घेऊन उभा होता.

"चावी ठेवली असतीत तर बरा झाला असता, भाऊ. रोज लांबसून पाणी मारायला लागायचा."

मी काही बोलणार, एवढ्यात मुलगी कपाटातला मास्क तोंडाला लावून बाहेर आली आणि त्याला दाखवू लागली. तो तिच्याकडे बघून हसला. मग हसायचा थांबला.

"किती हायत?" त्यानं मला विचारलं.

"तीन."

त्यानं तांब्यातलं उरलेलं पाणी तिथूनच तुळशीवर मारलं आणि आत गेला.