पिवळी गोळी आणि नागपूरचा बेडूक

गर्भ पडून गेला, तरी त्याचं मूळ माझ्या अंगात राहिलं. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला आणि माझ्या नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, हा कॅन्सर आहे, पण आता त्यावर गोळ्या निघाल्यात. सन साठनंतरची गोष्ट. आमच्या अमरावतीत हा शब्द घरात उच्चारायचीही सोय नव्हती. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, आम्ही 'अशक्तपणा आहे' एवढंच सांगितलं.

त्या पिवळ्या गोळ्या! दिसायला एवढ्याशा, पण तोंड आतून सोलून काढायच्या. वरणाचं पाणीसुद्धा झोंबायचं. मला बसवत नसे, निजवत नसे. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. कोणी "कसं काय?" विचारलं की मी अंगावरच जायची.

खरा घोर तपासणीचा होता. हे माझी लघवी बाटलीत घेऊन तिवशावरून जाणाऱ्या एस.टी.नं नागपूरला जात. तिथं ती बेडकाला टोचत. बाईला दिवस आहेत की नाहीत, ते बेडकावरून कळे. मला दिवस नव्हतेच. पण गर्भाचा जो अंश लघवीत उतरतो, तोच या रोगातही उतरे; म्हणून बेडकानं 'आहेत' म्हटलं, तर रोग अजून जिवंत. लेकरासाठी नवस बोललेली मी, आता 'नाही' ऐकायला देव पाण्यात घालून बसले होते.

पहिल्या खेपेला 'दिवस आहेत' असं आलं. ह्यांनी दारातच सांगितलं, आणि आत्याबाईंच्या कानावर तेवढंच पडलं. झालं! चोरओटी भरायला नारळ-तांदूळ घेऊन हजर. "माय वो, मले काहून नाई सांगतलं? बस पाटावर."

माझं डोकंच फिरलं. "लेकरू नाही आत्याबाई, कॅन्सर आहे मला!"

त्यांनी नारळ-तांदूळ पाटावरच ठेवले. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, कोणाचा ते कळेना.

दुसऱ्या दिवसापासून मऊ दूधभात कालवून, फुंकर घालून त्या स्वतः भरवू लागल्या. मी ओरडायची, "मरू द्या ना मला!"

"मर, पन खाऊन मर," म्हणायच्या.

गोळ्या चालूच होत्या. पुढं निकाल आला, 'नाही'. मग पुन्हा 'नाही', आणि पुन्हा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुटलात.

आत्याबाई वाटीभर साखर घेऊन गल्लीत निघाल्या. शेजारणीनं विचारलं, "सुनेले दिवस गेले काय वो?"

"नाई गेले!" भर गल्लीत त्या ओरडत होत्या, डोळ्यांना धार लागली होती. "नाई गेले बाप्पा! घ्या, तोंड गोड करा!"