वहिनीच्या कापडावरचं लोखंड

माझी वहिनी दगड घासते. प्रयोगशाळेच्या तळघरात फिरत्या चकतीवर कापड ताणायचं, हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट लावायची आणि तुकडा आरशासारखा होईपर्यंत घासायचा. त्यापायी बोटांचे ठसे इतके झिजलेत की हजेरीचं मशीन तिचा अंगठा ओळखत नाही. म्हणजे मशीनलाही तिचा संशय.

तिथे बाँब बनवतात असं मला बरेच दिवस वाटायचं. नाही बनवत. आकाशातून पडलेल्या एका दगडात धातूचा अजब कण सापडला होता. त्यातले अणू शिस्तीत बसलेले, पण फरशीसारखी तीच नक्षी पुन्हा पुन्हा येत नाही. त्याला क्वासिक्रिस्टल म्हणतात. अंतराळातल्या टकरीत असा कण जन्मतो का, हे बघायला ही मंडळी पोलादी डबीत तांबं, ॲल्युमिनियम आणि दगडाच्या चकत्या रचतात आणि तोफेसारख्या नळीतून तिच्यावर गोळी हाणतात. मग डबी मधोमध कापून अर्धी वहिनीकडे.

या वेळी तसा कण सापडला. पण त्यात लोखंड निघालं, आणि रचलेल्या चकत्यांत लोखंड नव्हतंच. डबीची भिंत पोलादी, पण कण तिच्यापासून लांब. भर बैठकीत चष्मेवाला संशोधक म्हणाला, "आदल्या दिवशी बाईंनी पोलाद घासलं होतं. कापड बदललं नसणार, त्यावरचं लोखंड इथे आलं." झालं. शोध बाजूला राहिला आणि वहिनी घाणेरडी ठरली. अशा ठिकाणी नाव गेलं की कामही जातं.

मी तापलो. "वहिनी, गेटवर माणसं उभी करतो. बघतोच त्याला."

"भावजी, आधी खाली बसा. कापड बदललं होतं असं मला वाटतं. पण शपथेवर सांगायला सांगाल तर जीभ अडखळते. रोजचं काम ते, कोण लक्षात ठेवतं?"

"असं त्याच्यासमोर बोलू नका."

"बोलून आले."

मी कपाळ धरलं.

डबीचा दुसरा अर्धा भाग अजून तसाच होता. तो नव्या कापडावर चष्मेवाला स्वतः घासणार, असं ठरलं. मला वेगळाच वास आला. त्याने घासून घासून कणच उडवला तर? लोखंड नाही म्हणायला मोकळा. वहिनीने हे ऐकलं आणि म्हणाली, "मग मी शेजारी उभी राहते. हात लावणार नाही, नजर लावीन."

पुढचं तिनेच सांगितलं. त्याने घासलं, तिने पापणी हलवली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली कण दिसला, त्यात लोखंडही. आणि भिंतीपासून कणापर्यंत वितळलेल्या धातूची केसाएवढी रेघ. आघाताच्या क्षणी पोलादच आत घुसलं होतं. टकरीतून कण जन्मला होता, तोही लोखंड पिऊन. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवाला वहिनीला हळूच म्हणाला, "चला, मिटलं मग."

"कुठे मिटलं? बैठकीत म्हणालात ना, मग बैठकीतच मिटवा."

पुढच्या बैठकीला ती बोलावणं नसताना जाऊन बसली. तो उठला, समोरच्या कागदांकडे बघत पुटपुटला, "कापड स्वच्छ होतं. चूक माझी."

वहिनी शेवटच्या रांगेतून म्हणाली, "साहेब, मागे ऐकू आलं नाही."

त्याने पुन्हा सांगितलं. मोठ्याने.