घरची परवानगी

शाळेच्या कार्यालयात ती कारकून होती, पण त्या नावाने तिला कुणी ओळखत नसे. सगळी वस्ती तिला बातमीबाई म्हणायची. तोंडावर म्हणायची, आणि तिला त्याचा राग येत नसे. उलट एखाद्याने नुसतंच 'बाई' म्हटलं तर आपल्याला काहीतरी कमी मिळालं असं तिला वाटे.

या नावाला कारण झालं एक यंत्र. त्या काळी त्या माध्यमिक शाळेत एकच फोन होता आणि त्या फोनवर दिवसभर पालक असत. उद्या सुट्टी आहे का, सहल कधी परतणार, आमच्या पोराने डबा खाल्ला का, नसेल खाल्ला तर त्याला जरा दटावा. मुख्याध्यापक टेकीला आले. शेवटी त्यांनी फोनला जोडायचं टेपचं यंत्र आणलं. शाळा सुटली की त्यात दिवसभराचा निरोप भरून ठेवायचा, आणि ज्याला हवं त्याने संध्याकाळी शाळेचा नंबर लावून ऐकायचा. पहिले काही निरोप त्यांनी स्वतः भरले. ते इतके कोरडे होते की ऐकणाऱ्याला वर पाणी प्यावं लागे. मग एकदा त्यांचा घसा बसला आणि काम कारकूनबाईंकडे आलं. घसा आठवड्यात बरा झाला, पण काम त्यांनी परत मागितलं नाही, आणि मागितलं असतं तरी पालकांनी ते जाऊ दिलं नसतं.

कारण बाई निरोप देत नसे, गोष्ट सांगे. "आज आठवीच्या वर्गात साप निघाला. तो नंतर दोरीचा तुकडा ठरला, पण तोवर गणिताचा तास संपला होता. दोरी कुणी आणली याचा तपास चालू आहे. उद्या चित्रकलेला रंग आणावेत, आणि जुने कपडे घालून यावं म्हणजे घरी बोलणी बसणार नाहीत." असं असायचं ते. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाला आपलं पोर डोळ्यांसमोर दिसायचं. ज्यांच्या घरी फोन नव्हता ते कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे जमायचे. त्याच्या फोनला मोठा आवाज करायची सोय होती. साबण घ्यायला आलेली माणसं बातमीबाई संपेपर्यंत हलत नसत, आणि दुकानदारही हिशेबी माणूस, तेवढ्यात तो त्यांना आणखी काहीतरी विकायचा.

बाईचा एक नियम होता. सुरुवातीला एका मुलाने स्वतःचेच केस कापल्याची गंमत तिने सांगितली, तेव्हा त्याचा बाप तणतणत शाळेत आला होता. तेव्हापासून कुणा एका मुलाची गोष्ट सांगायची असेल तर आधी ती त्याच्या घरी फोन करे. "नाव घेणार नाही हो, पण आजची गंमत सांगू का?" घरचे हो म्हणाले तरच ती टेपवर जाई. हा नियम तिने कधी मोडला नाही आणि त्याचा तिला फार अभिमान होता. मुलाला मात्र कुणी विचारत नसे. मुलांना विचारायचं असतं, हे त्या काळात शहाण्यासुरत्या माणसांच्याही डोक्यात येत नव्हतं, तर हिच्या कुठून येणार?

तिची एकुलती एक लेक त्याच शाळेत नववीत होती. पोर अबोल, पण आईशी मात्र बोलायची. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहायची आणि आई भाजी चिरत असताना दिवसभराचं सगळं सांगायची. तिला डॉक्टर व्हायचं होतं. जीवशास्त्राच्या पुस्तकाला तिने घातलेलं कव्हर इतर पुस्तकांपेक्षा जाड असायचं.

एका दुपारी प्रयोगशाळेत रक्तगट कसा तपासतात ते दाखवायला जीवशास्त्राच्या बाईंनी स्वतःच्या बोटाला सुई टोचली. थेंब वर आला आणि ही पहिल्या बाकावरून खाली कोसळली. बाईंना वाटलं, पोरगी उपाशी आली असेल. त्यांनी तिला बिस्किटं खायला घातली, वर्गानेही तेच मानलं, आणि प्रकरण तिथे मिटलं.

संध्याकाळी ओट्याला टेकून लेक म्हणाली, "आई, मी उपाशी नव्हते गं. रक्त बघितलं आणि डोळ्यांपुढे अंधारीच आली." मग ती रडायला लागली. "मी कशी डॉक्टर होणार?"

आईने ओले हात पदराला पुसले आणि तिला जवळ घेतलं. "होशील गं राणी. होते सवय." खरोखर मायेने म्हणाली ती हे. त्या संध्याकाळपुरती ती जगातली सगळ्यात चांगली आई होती, हे तिचा वैरीसुद्धा नाकारणार नाही.

पण बाईच्या तोंडात तीळ भिजत नसे, हेही तितकंच खरं. दुसऱ्या दिवशी शाळेत चाचणी परीक्षा होती. दिवस अगदी मिळमिळीत गेला, सांगण्यासारखं काही घडलं नाही. शाळा सुटल्यावर ती यंत्रासमोर बसली. उद्या कोणता पेपर आहे ते सांगून झालं आणि टेप तर पुष्कळ उरली होती. दुकानात माणसं उभी असतील, हे तिला दिसत होतं. त्यांना काय नुसती वेळापत्रकं ऐकवायची? आणि कालची गोष्ट तर इतकी गोड होती. नाव घ्यायचं नव्हतंच. राहिली घरची परवानगी. तर घर इथे खुर्चीतच बसलं होतं. तिने स्वतःच स्वतःला हो म्हटलं.

"आणि आमच्या नववीत एक भावी डॉक्टर आहेत बरं का," ती टेपवर म्हणाली, "त्या रुग्णाचं रक्त बघून स्वतःच आडव्या होतात. बिस्किटं उगीच संपली हो, पोट भरलेलंच होतं. आता या डॉक्टरीणबाईंना तपासायला दुसरा डॉक्टर शोधावा लागणार!"

लेकीने ते ऐकलं दुकानात. ती साखर आणायला गेली होती. माणसं हसत होती, अगदी मोकळेपणाने, कुणाच्या मनात काही वाकडं नव्हतं. दुकानदाराने साखरेची पुडी तिच्या हातात देताना विचारलं, "काय डॉक्टरीणबाई, बरं आहे ना आता?" वर्गात कोण पडलं होतं हे सगळ्या पोरांनी आदल्याच दिवशी आपापल्या घरी सांगितलं होतं. नाव घ्यायची गरज होतीच कुणाला?

ती घरी आली. पुडी टेबलावर ठेवली.

"आई, ते मी तुला सांगितलं होतं."

"अगं, नाव कुठे घेतलं मी? आणि किती कौतुकाने सांगितलं—"

"तुला सांगितलं होतं," लेक पुन्हा म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा सगळा वर्ग वह्यांनी वारा घालत उभा होता. हे बातमीबाईला शिपायाकडून कळलं आणि तिचं काळीज चरकलं. चूक कळली तिला, अगदी मनापासून कळली. मग तिने काय करावं? दुसरी एखादी आई घरी गेली असती आणि पोरीच्या शेजारी बसली असती. ही यंत्रासमोर बसली. तिला बोलायची सवय तिथलीच. "काल आम्ही एका विद्यार्थिनीची थट्टा केली," तिने टेपवर गंभीर आवाजात सांगितलं. "त्याबद्दल आम्ही तिची मनापासून माफी मागतो. रक्त पाहून घाबरणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही." ज्या चार घरांनी आदल्या दिवशी ऐकलं नव्हतं, त्यांनाही आता सगळं कळलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

लेक भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडण मिटवता येतं. ती जेवायची, अभ्यास करायची, विचारलं तर उत्तर द्यायची. "कसा गेला दिवस?" "ठीक." "काय झालं आज?" "काही नाही." ओट्याजवळ ती यायची ती पाण्याचा पेला भरून घेण्यापुरती.

दोन वर्षं सरली. लेक शाळेला जोडलेल्याच अकरावीत गेली. एक दिवस जीवशास्त्राच्या बाई कार्यालयात डोकावल्या. "तुमच्या लेकीने माझा विषय सोडला, तुम्हाला माहीत असेलच. वाईट वाटलं हो मला."

"हो, हो, माहीत आहे," बातमीबाई म्हणाली. तिला काहीही माहीत नव्हतं.

'तुम्हाला माहीत असेलच.' पुढे तिला घरचं सगळं याच वाक्याने कळत गेलं. शाळेतल्या कुणाला तिला मुद्दाम काही सांगावंसं वाटत नसे, कारण सगळ्या शाळेची खबर जिच्याकडे, तिला स्वतःच्या मुलीची नसेल असं कुणाच्या मनात येणार? लेक धावण्याच्या शर्यतीत पहिली आली, ते तिने इतर विजेत्यांच्या नावांबरोबर टेपवर वाचलं, वाचता वाचता नाव आलं म्हणून. लेकीला परगावी नोकरी लागली, ते शेजारणीने सांगितलं. नवरा कधीकधी म्हणायचा, "साऱ्या वस्तीला बातम्या पुरवतेस आणि आपल्या घरात दुष्काळ." तो थट्टेत बोलायचा. एकदा ती पुसत असलेलं ताट हातात धरून तशीच उभी राहिली, तेव्हापासून तो तसं बोलायचा थांबला.

लेकीचं लग्न झालं. जावई सज्जन. लेकीच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा ती दवाखान्यातून घरी आल्यावर फोनवर त्याच्या तोंडून चुकून निघून गेलं, "आता टाके निघाले, तुम्हाला माहीत असेलच." लेकीचा फोन रविवारी यायचा. सगळं ठीक आहे, काळजीचं काही नाही. आजारी मुलाच्या घरी बातमीबाई फोन करायची तेव्हा हेच वाक्य आधी म्हणायची, पालक घाबरू नयेत म्हणून. आता कळत होतं की पलीकडच्याला त्या वाक्यातून काहीच मिळत नाही.

यंत्र जाऊन पंचवीस वर्षं होत आली. बातमीबाई निवृत्त झाली, नवरा गेला, आणि ती लेकीकडे थोडे दिवस राहायला गेली. नात सहावीत होती. तिची शाळा रोज पालकांच्या मोबाइलवर फोटो पाठवायची: मैदानावरची रांग, डबे उघडून बसलेली मुलं, फळ्यासमोर हात वर केलेले. आजी चष्मा लावून एकेक फोटो बघत बसली.

"यात आपली कुठे दिसत नाही ती?"

"नाही दिसणार," लेक म्हणाली. "परवानगी विचारली होती शाळेने. मी पोरीला विचारलं, ती नको म्हणाली."

आजीने फोन परत दिला.

एका संध्याकाळी ती भाजी चिरत होती आणि नात येऊन ओट्याला टेकली. अगदी तशीच, एका पायावर भार देऊन. "आजी, एक सांगू? पोहण्याच्या तासाला मी पोट दुखतं म्हणून सांगते. दुखत नाही. मला पाण्यात उतरायचीच भीती वाटते. कुणाला सांगू नकोस हं."

आजीच्या हातातली सुरी थांबली. "नाही सांगणार. पण आईला तूच सांग. रागावायची नाही ती."

"बघते," म्हणून नात खेळायला पळाली.

थोड्या वेळाने लेक दोरीवरचे वाळलेले कपडे घेऊन आत आली. "काय सांगत होती गं ती एवढं? मला तर हल्ली काही सांगत नाही."

बातमीबाईच्या जिभेवर सगळं तयार होतं. किती वर्षांनी लेकीला तिच्याकडून काहीतरी हवं होतं! ही बातमी दिली असती तर दोघी बसून बोलल्या असत्या, काय करायचं ते ठरवलं असतं, चहा झाला असता. अशा संध्याकाळसाठी ती झुरली होती.

"तिलाच विचार," ती म्हणाली. "तिने मला सांगितलंय, ते माझ्याजवळ राहू दे."

लेक चादर घडी करत होती. तिचे हात थांबले. तिने आईकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग होता. बातमीबाईला तो जवळजवळ हवासा वाटला.

"आज?" लेक म्हणाली. "आज जमलं तुला?"

बातमीबाईने सुरी खाली ठेवली.

"मला आवडायचं ते," लेक चादरीकडे बघत म्हणाली. "जीवशास्त्र. पुष्कळांना पहिल्यांदा चक्कर येते, नंतर वाचलं मी कुठेतरी. सवय झाली असती. पण त्या वर्गात मला बसवेना."

"मला माहीत नव्हतं गं."

"कसं असेल? मी सांगितलंच नाही कुणाला."

इतक्या वर्षांनी बातमीबाईला आपल्या घरची बातमी पहिल्यांदा घरातूनच कळली होती, आणि ती इतकी शिळी झाली होती की तिचं आता काही करता येण्यासारखं नव्हतं. माफ कर म्हणावं असं वाटलं, पण ती माफी एकदा साऱ्या वस्तीला ऐकवून झाली होती.

लेकीने चादरीची दोन टोकं तिच्यापुढे केली. "धर. मला एकटीला होत नाही."

बातमीबाईने हात पदराला पुसले आणि टोकं धरली.