पहिला खांदा कोणाचा?

प्रश्न विचारल्यावर उत्तर सांगायच्या आधी ऐकणाऱ्याला विचार करायला वेळ द्यावा लागतो. तेवढ्या वेळात आम्ही संगीत लावायचो, वीस सेकंद. नवरा म्हणायचा पंधरा पुरेत. मी म्हणायचे, आपल्याकडची माणसं आधी शेजारच्याला विचारतात आणि मग स्वतः आठवायला लागतात, वीस तरी हवेतच. या पाच सेकंदांवरून आमच्या घरात जितकी भांडणं झाली तितकी सासूबाईंवरूनही झाली नाहीत.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना दोनदा तपासल्याशिवाय कागदावर सही करायची नाही, हे माझ्या अंगात मुरलेलं आहे. कंपनीच्या बसमध्ये वेळ जावा म्हणून मी सगळ्यांना प्रश्न घालायचे. नवरा महाडात कॉम्प्युटरचा क्लास घेतो. तो म्हणाला, हेच रेकॉर्ड करून पॉडकास्ट करू. मग कपाटाची दारं उघडी टाकून, दोन्ही बाजूंना गोधड्या लटकवून, मी खुर्चीवर आणि तो जमिनीवर, अशी आमची प्रश्नमंजुषा सुरू झाली.

प्रत्येक भागाला एक विषय असायचा आणि विषयाला शोभेल असं संगीत. भाताच्या जातींच्या भागाला माहेरच्या बायकांची लावणीच्या वेळची गाणी. एसटीच्या भागाला नवऱ्याने कंडक्टरच्या घंटीच्या ठोक्यांवर धून बसवली होती आणि ती खरंच झकास होती, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. ऐकणारे कोण, तर बसमधले आमचे शिफ्टवाले आणि मुंबईला गेलेले इकडचे लोक. एकदा पोलादपूरच्या एका गृहस्थांनी कळवलं की भाताच्या भागातलं पाचवं उत्तर चुकलं आहे. मी चार शेतकऱ्यांना आणि एका कृषी अधिकाऱ्याला फोन करून खात्री केली आणि पुढच्या भागात माफी मागितली. चूक झाली तर दुरुस्त करता येते, असं मला तेव्हा वाटायचं.

मग शिमग्याचा भाग केला.

संगीताला आमच्या गावचा खालूबाजा होता, म्हणजे ढोल, टिमकी आणि सनई. भावाने आदल्या वर्षी पालखीपुढे मोबाईलवर घेतलेला. प्रश्न दहा. नऊ प्रश्नांची उत्तरं मी या ना त्या माणसाला विचारून पक्की केली होती. दहावा मी माझ्या माहेरच्या गावावर ठेवला. आपलं गाव शेवटी यावं, एवढीच हौस. पोलादपूरहून उमरठकडे जाताना मध्येच वर चढणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे, वरची वाडी आणि खालची वाडी; आमचं घर वरच्या वाडीत. प्रश्न असा होता: देवळातून पालखी उचलताना पहिला खांदा कोणाचा? वीस सेकंद ढोल-सनई. उत्तर: खालच्या वाडीचा.

हे मी कोणालाही विचारलं नव्हतं, कारण मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्याकडे पालखी उचलतात ती देवळाच्या आत. तिथे फक्त पुरुष असतात. बायका बाहेर, दार दिसणार नाही इतक्या लांब थांबतात आणि त्यांच्यापर्यंत पालखी येते तोवर खांदे बदललेले असतात. पण सात वर्षांची असताना मी एकदा पोरांबरोबर देवळाच्या मागच्या खिडकीला लोंबकळून आत बघितलं होतं. खालच्या वाडीच्या एका उंच माणसाने पुढच्या दांड्याला पहिला खांदा दिला. ते दृश्य मला अजून लख्ख आठवतं. आमच्या घरालाही कसलासा मान आहे हे ठाऊक होतं, पण गावात प्रत्येक घराला काही ना काही मान असतोच. कोणाला निशाण धरायचा, कोणाला नारळाचा. आपला नेमका कोणता, हे मी कधी विचारलं नाही. पुढे शिकायला महाडला आले, शिमगा नेमका परीक्षेत यायचा, आणि मग लग्नच झालं. जगाला प्रश्न विचारत सुटलेल्या बाईची ही तऱ्हा.

भाग बाहेर पडला त्याच्या तिसऱ्या दिवशी मुंबईहून धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, काय केलंस तू हे? पहिला खांदा आपला हाय. बाबांचा हाय."

मी म्हटलं, मी स्वतः बघितलंय.

"कधी बघितलंस?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "आजोबा गेले ते साल ते. आपल्याला सुतक व्हतं."

आजोबा शिमग्याच्या चार दिवस आधी गेले होते. सुतकातल्या माणसाने पालखीला हात लावायचा नाही, म्हणून त्या एका वर्षी खालच्या वाडीने खांदा दिला होता. सुतकात देवळाकडे फिरकायचंही नसतं, म्हणून मी खिडकीतून बघितलेलं कोणाला सांगितलं नव्हतं. मार बसला असता. आणि सांगितलं नाही म्हणून माझी चूक कोणी सुधारलीही नाही. वर्षातून एकदा घडणारी गोष्ट मी आयुष्यात एकदाच बघितली, आणि ती नेमकी अपवादाची निघाली.

भावाचं पुढचं बोलणं जास्त जिव्हारी लागलं. बाबांचे गुडघे आता चालत नव्हते. यंदा त्यांनी त्याला सांगितलं होतं की रजा काढून ये, खांदा तुझ्याकडे देतो. त्याने रजा काढली होती, वीर स्टेशनपर्यंतचं तिकीटही काढलं होतं. आणि खालची वाडी इतकी वर्षं म्हणत होती की मान आळीपाळीने असावा. त्यांच्या हातात मी आपण होऊन पुरावा दिला होता, ढोल-सनईसकट.

मी बाबांना फोन केला. ते ओरडतील, निदान चिडतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "मला इचारायचं व्हतंस गो. फोन हाय की माझ्याकडं."



त्याच दिवशी मी भाग काढून टाकला. तोवर दहावा प्रश्न तेवढा कापून कोणीतरी गावच्या ग्रुपवर टाकला होता, तिथून मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर, तिथून कुठे कुठे. मग मी दुरुस्तीचा भाग केला. संगीत नाही, काही नाही. मी लहान होते, सुतक होतं, मी चोरून बघितलं, माझी चूक झाली, पहिला खांदा वरच्या वाडीचाच आहे, असं सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, छान बोललीस. गावात त्याचे दोन अर्थ निघाले. एक, बापाने पोरीला दम देऊन हे बोलायला लावलं. दोन, सुतकातली पोर देवळाला शिवली, त्याचं काय? एक निस्तरायला गेले आणि दुसरं उभं राहिलं. मी प्रयोगशाळेत बसून दोनदा तपासलेले नमुने सहीआधी तिसऱ्यांदा तपासत होते.

शिमग्याच्या आधीच्या रविवारी सकाळी देवळात गावकी बसली. गावकी म्हणजे गावच्या पुरुषांची बैठक. मुंबईहूनही माणसं आली होती, पण भावाला त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. मी नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसून गेले. वाटेत ठरवत होते की उभी राहीन, सगळ्यांसमोर सांगेन, पाया पडेन हवं तर. देवळाच्या पायरीवर एका काकांनी अडवलं. ते भले गृहस्थ आहेत, लहानपणी त्यांनी मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला होता. म्हणाले, "बायांनी गावकीत यायचं नाय गो, तुला ठाव हाय ना?" नवराही जावई, म्हणजे परगावचा, त्यालाही बोलता येणार नव्हतं. आम्ही दोघं मागच्या भिंतीला, त्याच खिडकीखाली टेकून बसलो.

आत कोणीतरी मोबाईल मधोमध ठेवला आणि मोठ्याने लावला. माझा आवाज आला. गोड, आत्मविश्वासाने ओतप्रोत, ऐकून स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटेल असा. "पालखी उचलताना पहिला खांदा कोणाचा? विचार करा बरं!" मग वाजवणं सुरू झालं. आतली सगळी माणसं वीस सेकंद गप्प बसून उत्तराची वाट बघत होती, जणू कोणाला ते माहीतच नव्हतं. कोणीतरी मांडीवर ठेकाही धरला, तो बाहेरपर्यंत ऐकू येत होता. नवरा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "पंधराच ठेवायला हवे होते." मला हसू आलं आणि त्याच्यामागून रडू आलं. त्या गावकीत बाईचा आवाज बहुधा पहिल्यांदाच चालला होता. तो नेमकं नको ते बोलत होता, आणि त्याला गप्प करायला मला आत जायची सोय नव्हती.

मग दुरुस्ती लावली. तीही पूर्ण ऐकली.

खालच्या वाडीच्या वतीने बोलायला जो मुलगा पुढे होता, म्हणजे त्या उंच माणसाचाच मुलगा, आता पन्नाशीचा, तो तसा वाईट नाही. आवाज न चढवता तो बाबांना म्हणाला, "आधी एक बोलली, मग दुसरं बोलली. यातलं एक तर खोटं हाय. तुम्ही नारळावर हात ठेवा आन् सांगा, तुमची पोर कवा खोटं बोलली. पयल्यांदा खोटं बोलली म्हणा, आम्ही उठून जातो. मान तुमचा."

मला हायसं वाटलं. एवढंच ना! मी भिंतीशी पुटपुटत होते, म्हणा बाबा, पोर खोटं बोलली म्हणा. माझं काय जातंय? मी काही या गावात राहत नाही. मला खोटारडी म्हणून सगळ्या तालुक्यात दवंडी पिटली तरी चाललं असतं. फोनवरही मी त्यांना आदल्या दिवशी बजावलं होतं की माझ्यावर ढकलून मोकळे व्हा. ते "बघू" म्हणाले होते.

आजोबांच्या वर्षी सुतक होतं हे माहीत असलेली तीन-चार म्हातारी माणसं आत होती. त्यांतल्या एकानेही तोंड उघडलं नाही. कोणाला खालच्या वाडीशी सोयरीक राखायची होती, कोणाला भांडण नको होतं. मग बाबांचा आवाज आला.

"माजी पोर खोटं बोलत नाय. तवा तिनं बघितलं ते सांगितलं, आता तिला कळलं ते सांगितलं."

"तसं नाय चालायचं काका. एक काय ते सांगा."

"देवासमोर पोरीला खोटी पाडून मला मान नको. घ्या तुम्ही."

बस्स, इतकंच. गावकी उठली, आम्ही पुढे पायऱ्यांशी आलो. कोणाला जिंकल्यासारखं वाटलं असेल असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही. बाबा पायऱ्या उतरून आले, मला बघितलं आणि म्हणाले, "जेवून जा. भाकऱ्या टाकल्यात." मी त्यांच्यावर भडकले. कशाला असं केलंत, मी तुम्हाला काय सांगितलं होतं, दादाला आता काय तोंड दाखवू, वाट्टेल ते बोलले. माझ्यापेक्षा लहान भावाला आम्ही सगळे दादाच म्हणतो. बाबा चपला शोधत होते. त्या मिळाल्यावर घराकडे चालू लागले.

भाऊ शिमग्याला आला. तिकीट काढलंच होतं. माझ्याशी नीट बोलला, आणि ते नीट बोलणंच मला सोसवेना, कारण तो माझ्याशी एरवी कधीच नीट बोलत नाही. मी त्याला म्हटलं, मला शिव्या घाल. तो म्हणाला, "जाऊ दे ना ताई," आणि अंगण झाडायला गेला.

पालखीच्या दिवशी पुरुष आत गेले. आम्ही बायका बाहेर थांबलो; यंदा मी दार दिसेल इतकी पुढे सरकले होते. आत गजर झाला, ढोल सुरू झाला, आणि दारातून पुढचा दांडा खांद्यावर घेऊन खालच्या वाडीचा तो मुलगा बाहेर आला. त्याचे डोळे भरले होते. त्याच्या बापाने एकदा दिलेला खांदा त्यालाही कधी तरी द्यायचा असणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं, आणि मला त्याच्यावर धड रागावताही येईना.

पालखी बाहेर आली की कोणीही खांदा द्यायला मोकळा असतो. माणसं धावली, भाऊही मागच्या बाजूला घुसला. बाबा सगळ्यांत शेवटी आले. पालखीच्या जवळ गेले, तिथे जागा नव्हती. निशाणाकडे सरकले, निशाणाचा मानकरी आपल्या जागी होता. मग ते वाजवणाऱ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. ढोलवाल्याला वळायचं होतं, तो "काका, जरा" म्हणाला, तसे तिथूनही बाजूला झाले. सुतकाचं ते एक साल सोडलं तर तरुणपणापासून ते दरवर्षी त्या दारातून पालखीच्या पुढच्या दांड्याखाली बाहेर आले होते. शिमग्यात कुठे उभं राहायचं, हे त्यांना कधी बघावंच लागलं नव्हतं.

गर्दीत इकडे तिकडे बघता बघता त्यांना मी दिसले. मला हाक मारावीशी वाटली. पण हाक मारून त्यांना कुठे या म्हणणार होते? माझ्या बाजूला सगळ्या बायका होत्या.